भूकंपाचे पूर्वानुमान, धोका आणि जोखीम: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये इमारतींच्या मजबुतीविषयी बोलायला गेलो की चहा येईपर्यंत विषय भूकंपावर पोहोचतो. मुंबईत गेली काही वर्षे ऐकत आलेले प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, पुढे दिले आहेत. एक खुलासा आधी करतो. वर्तमानपत्रांत ‘रिश्टर स्केलवर अमुक तीव्रतेचा भूकंप’ असे छापतात, तेव्हा त्यांना भूकंपाचे परिमाण अभिप्रेत असते. परिमाण म्हणजे जमिनीखाली मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ते एका भूकंपासाठी एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला हादरा. ती गावोगावी बदलते. या पानावर हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत.

मुंबईत मोठा भूकंप कधी होणार?

तारीख कोणीही सांगू शकत नाही. दिवस, ठिकाण आणि परिमाण या तिन्ही गोष्टी आधी नेमकेपणाने सांगण्याची विश्वासार्ह पद्धत आज जगात कोणत्याही देशाकडे नाही. ‘पन्नास वर्षांत या ठिकाणी इतका हादरा बसण्याची शक्यता किती’ या प्रश्नाला मात्र आकड्यांत उत्तर देता येते, आणि इमारती बांधायला त्या उत्तराचाच उपयोग होतो.

भाकीत आणि पूर्वानुमान यांत फरक तो काय? दोन्ही अंदाजच ना?

भाकीत म्हणजे ‘येत्या मंगळवारी अमुक ठिकाणी सहा परिमाणाचा भूकंप होईल’. पूर्वानुमान म्हणजे ‘या पट्ट्यात पुढील तीस वर्षांत सहा किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता इतके टक्के आहे’. भाकीत एक तर खरे ठरते नाही तर खोटे. पूर्वानुमान बऱ्याच वर्षांच्या आणि बऱ्याच ठिकाणांच्या हिशेबात तपासावे लागते. विमा कंपनी आयुर्मानाचे कोष्टक तपासते तसे.

भाकितांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. चीनमधील हायचंग येथे ४ फेब्रुवारी १९७५ रोजी मोठा भूकंप झाला, तेव्हा अधिकाऱ्यांनी आधीच लोकांना घराबाहेर काढले होते आणि हजारो जीव वाचले. मुख्य धक्क्याआधी तिथे लहान धक्क्यांची जोरदार मालिका सुरू झाली होती आणि सावध करायला तेवढे कारण पुरेसे होते. त्या यशाची चर्चा ओसरण्याआधीच, २८ जुलै १९७६ रोजी तांगशान शहर कोणत्याही सार्वजनिक इशाऱ्याविना कोसळले. सरकारी आकड्यानुसारच २ लाख ४० हजारांहून अधिक माणसे मेली. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे साधारण बावीस वर्षांच्या अंतराने सहाच्या आसपासचे भूकंप होत आले होते, म्हणून पुढचा १९९३ पूर्वी येईल असे १९८०च्या दशकात जाहीर झाले आणि त्या परिसरात उपकरणांचे जाळे विणले गेले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि इतकी उपकरणे रोखून बसलेली असूनही त्याआधी भरवशाचे कोणतेही लक्षण त्यांत उमटले नाही. मला स्वतःला हायचंगपेक्षा पार्कफील्डची हकिकत अधिक शिकवून जाते.

व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री साडेअकराला मुंबईत भूकंप, नासाचा इशारा’ असा संदेश आला आहे. काय करावे?

तो पुढे पाठवू नये. ज्या संदेशात वेळ दिलेली आहे तो खोटा आहे, इतकी सोपी कसोटी पुरेशी आहे. भारतात भूकंपांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करते आणि ते भूकंप झाल्यावर माहिती देते. आधी तारीख-वेळ देत नाही.

कुत्री रडतात, पक्षी उडून जातात. प्राण्यांना आधी कळते असे म्हणतात ते खरे का?

मुख्य हादऱ्याच्या काही सेकंद आधी येणारी क्षीण लहर प्राण्यांना जाणवू शकते, यात नवल नाही. दिवस-दोन दिवस आधी त्यांना कळते, याला मात्र पुरावा नाही. कुत्री रोजच भुंकतात. भूकंप झाला की आदल्या रात्रीचे भुंकणे आठवते, न झालेल्या रात्रींचे कोणी मोजत नाही.

पालघरकडे लहान धक्के सतत बसतात. त्यामुळे ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, हे बरोबर आहे ना?

बरोबर नाही, आणि हा गैरसमज धोकादायक असल्यामुळे याचे उत्तर सविस्तर देतो. डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपू लागले, शाळा मैदानात भरू लागल्या. त्या मालिकेतील मोठे धक्केही चार परिमाणाच्या आसपासचे होते.

परिमाण एकाने वाढले की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते; दोनाने वाढले की सुमारे हजार पट. म्हणजे सहा परिमाणाच्या एका भूकंपाची ऊर्जा चार परिमाणाच्या धक्क्यांतून काढायची तर तसे हजार धक्के हवेत. निसर्गात दिसणारे प्रमाण असे, की परिमाण एकाने घटले की भूकंपांची संख्या साधारण दहा पट होते. म्हणजे सहाच्या एका भूकंपामागे चारचे शंभर. हजारांची गरज आणि हाती शंभर. हिशेब जुळत नाही. लहान धक्के ऊर्जेचा किरकोळ वाटा घेऊन जातात आणि बाकीची मोठ्या भूकंपांतूनच बाहेर पडते.

इटलीतील लाक्विला शहरात २००९ साली नेमका हाच दिलासा महागात पडला. महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ऊर्जा हळूहळू बाहेर पडते आहे हे चांगलेच, अशा आशयाचे विधान केले, आणि आठवडाभरात, ६ एप्रिल रोजी, ६.३ परिमाणाच्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांच्यावर खटला चालला; २०१२ साली सर्वांना शिक्षा झाली आणि २०१४ साली अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. ‘भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शिक्षा’ असे आपल्याकडे छापून आले होते. खटल्याचा मुद्दा लोकांना दिलेल्या चुकीच्या दिलाशाचा होता.

धक्क्यांची मालिका सुरू असताना मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा काहीशी वाढलेली असते, तरीही ती सहसा कमीच राहते. हे वाक्य सभेत कोणालाच आवडत नाही.

मुंबईला भूकंपाचा इतिहास आहे का?

शहराच्या खालीच झालेल्या मोठ्या भूकंपाची निर्विवाद नोंद नाही. जुन्या याद्यांत मे १६१८ मध्ये मुंबई परिसरात दोन हजार माणसे मेल्याची नोंद सापडते, पण मूळ वर्णने तुफानाचीही असल्यामुळे ती हानी मुख्यतः चक्रीवादळाची असावी असे नंतरच्या अभ्यासकांचे मत झाले. याद्यांतील एका ओळीमुळे धोक्याचा आकडा किती बदलू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुरून आलेले हादरे मात्र मुंबईने अनुभवले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ परिमाणाचा भूकंप झाला, तो सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर. आजही वयस्कर मंडळी त्या पहाटे फडताळातली भांडी वाजल्याचे सांगतात. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप तर साडेपाचशे किलोमीटरवरचा होता. त्या सकाळी आमच्या दादरच्या घरात छताच्या हुकाला टांगलेला पंखा बंद असूनही लंबकासारखा डोलत होता. जवळपास पाहायचे तर १९८३ साली मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा धरणाच्या परिसरातही धक्क्यांची मालिका होऊन गेली आहे. पनवेलच्या बाजूने किनाऱ्याला समांतर बेसॉल्टचे थर पश्चिमेकडे कलले आहेत, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. या पट्ट्यातील भ्रंश, म्हणजे ज्यांवरून खडक सरकतात त्या भेगा, किती जागे आहेत हा संशोधनाचा विषय आहे.

मुंबई ‘झोन ३’ मध्ये आहे म्हणजे नक्की काय?

भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाचे नियम देणारे भारतीय मानक क्रमांक १८९३ (हे साल नव्हे), त्याच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत देशाचे २ ते ५ असे चार भूकंपक्षेत्रांत वाटप आहे. ५ सर्वाधिक धोक्याचे. मुंबई ३ मध्ये, कोयना परिसर ४ मध्ये. लोक ‘तीन म्हणजे मध्यम’ म्हणून निर्धास्त होतात, म्हणून अभियंता त्या आकड्याचे काय करतो ते पाहू.

२०१६ च्या आवृत्तीत क्षेत्र ३ चा गुणक ०.१६ आहे. आराखड्यासाठी त्याचे निम्मे, म्हणजे ०.०८ घेतात, पाच-सहा मजली ताठ इमारत हादऱ्याला अधिक प्रतिसाद देते म्हणून त्याला अडीचने गुणतात, म्हणजे ०.२० होते, आणि मग इमारतीच्या लवचिकतेनुसार ३ किंवा ५ ने भागतात. साध्या चौकटीच्या राहत्या इमारतीला उत्तर येते तिच्या वजनाच्या सुमारे ६.७ टक्के, विशेष लवचिक चौकटीला ४ टक्के. इमारतीचे वजन २,००० टन असेल तर तिला आडवे ढकलणारे १३४ किंवा ८० टन बळ गृहीत धरून कॉलम-बीम ठरतात.

या भागाकारात एक करार दडलेला आहे. मोठ्या हादऱ्यात इमारतीला तडे जातील, सळया ताणल्या जातील, कदाचित ती पुन्हा राहण्यायोग्य राहणार नाही, पण ती कोसळू नये, इतकीच हमी मानक देते. आणि ५ ने भागण्याचा अधिकार सळया-रिंगांचे काम मानक १३९२० प्रमाणे झाले असेल तरच मिळतो. कागदावर ५ ने भागून साइटवर काम ३ च्याही लायकीचे नसेल, तर तो करार एकतर्फी मोडलेला असतो.

एक पुस्ती जोडतो. किल्लारी १९९३ साली नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. नकाशा हा त्या दिवसापर्यंतच्या माहितीचा सारांश असतो.

‘४७५ वर्षांतून एकदा’ येणारा भूकंप म्हणजे आता चारशे वर्षे चिंता नाही ना?

तसे नाही. हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. धोक्याचा संभाव्यताधिष्ठित हिशेब ॲलिन कॉर्नेल यांनी १९६८ साली मांडला. त्यात प्रत्येक संभाव्य उगमातून प्रत्येक परिमाणाचा भूकंप किती वेळा होईल आणि त्याने आपल्या जागी किती हादरा बसेल, यांची बेरीज करतात. त्यातून ‘पन्नास वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के’ असा हादरा काढला की त्याची सरासरी पुनरावृत्ती ४७५ वर्षे येते. दोन्ही विधाने एकच आहेत. त्याच हिशेबाने तीस वर्षांत, म्हणजे साधारण एका गृहकर्जाच्या आयुष्यात, ती शक्यता ६ टक्के आणि शंभर वर्षांत १९ टक्के होते. फाशाला मागचे दान आठवत नाही, तसे या साध्या गणितालाही मागचा भूकंप आठवत नाही.

धोका आणि जोखीम एकच नव्हेत का?

बोलण्यात एकच, हिशेबात वेगळे. धोका म्हणजे जमीन किती हलेल. जोखीम म्हणजे त्या हलण्यातून किती माणसे, घरे आणि पैसा जाईल. त्यासाठी धोक्याबरोबर तिथे काय उभे आहे आणि ते किती कच्चे आहे हेही मोजावे लागते.

महाराष्ट्रातच याची जोडी आहे. कोयनेचा भूकंप ६.३ चा, मृत सुमारे १८०. किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, ६.२ चा, मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. परिमाण जवळजवळ सारखेच. कोयनेचा मुलूख डोंगराळ आणि पावसाचा, वस्ती विरळ, छपरे उतरती आणि त्या मानाने हलकी. किल्लारीकडे दाट वस्तीची गावे, दगड-मातीच्या जाड भिंती आणि उन्हापासून बचाव म्हणून घातलेले मातीचे वजनदार माळवद. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते आणि पहाटे चारच्या सुमारास ते माळवद अंगावर आले.

मुंबईचा धोका मध्यम आहे. जोखीम मध्यम आहे असे मी म्हणणार नाही.

आमची इमारत भरावाच्या जमिनीवर आहे. फरक पडतो का?

पडतो. मुंबई सात बेटे जोडून, खाड्या आणि खाजण बुजवून झाली. कठीण बेसॉल्टवर हादरा जसा येतो तसा जातो. मऊ गाळावर तो वाढतो आणि लांबतो. १९८५ साली मेक्सिको सिटीपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर आठ परिमाणाचा भूकंप झाला. शहराचा जुन्या तळ्याच्या गाळावरचा भाग त्या गाळाच्या स्वतःच्या लयीत, सुमारे दोन सेकंदांच्या झोक्याने डोलू लागला आणि त्या लयीशी जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक पडल्या. आपला गाळ तितका खोल नाही, पण माती-परीक्षणाचा अहवाल संस्थेच्या कपाटात आहे का, हे सचिवांना विचारावे. पाया खडकापर्यंत गेलेल्या पाइल्सवर आहे की भरावातच उथळ बसला आहे, हे त्यात कळते.

खाली सगळे पार्किंग आणि वर भिंतींचे मजले. अशी इमारत धोकादायक का मानतात?

वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठपणा येतो. तळमजला मात्र नुसत्या कॉलमवर उभा. हादऱ्यात सगळे वाकणे त्या एका मजल्यात गोळा होते. २००१ साली अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते, तरीही तिथे अशा स्टिल्टवरच्या कित्येक इमारती खाली बसल्या. मुंबईत एके काळी बांधलेल्या चार-सात मजली इमारतींचा मोठा वर्ग याच घडणीचा आहे. नंतर तळमजल्यावर मधूनच एखादे दुकान किंवा कार्यालयाची खोली बांधली की ताठपणा एका कोपऱ्यात जातो आणि इमारत पिळवटते.

आणि कॉलमच्या आत काय आहे हे रंगाखाली दिसत नाही. एका दुरुस्तीच्या कामात पार्किंगमधील कॉलमचे फुगलेले प्लास्टर काढले तेव्हा मी जवळून पाहिले: उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा वीतभर अंतरावर होत्या आणि त्यांची टोके काटकोनात वाकवून सोडून दिली होती. गंजाने फुगलेली एक रिंग मिस्त्रीने दोन बोटांनी उघडून दाखवली. रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवायचे असते, कारण हादऱ्यात बाहेरचे आवरण गळून पडते आणि काटकोनातले टोक त्याबरोबर उलगडते. मग उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम संपतो. बारबेंडरला त्या वळणासाठी प्रत्येक रिंगेमागे काही सेकंद जास्त लागतात.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये भूकंपाची तपासणी होते का?

बहुतेक वेळा होत नाही, आणि हे सदस्यांना ठाऊक नसते. महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरील इमारतीला स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यावरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. त्यात गळती, गंज, काँक्रीटची ताकद पाहतात. म्हणजे इमारत स्वतःचे वजन पेलते का एवढेच. आडव्या बळाची तपासणी मानक १५९८८ प्रमाणे वेगळी सांगावी लागते. नेमणूकपत्रात तशी एक ओळ घालावी. स्टिल्टच्या कॉलमना जॅकेटिंग करणे, म्हणजे त्यांच्याभोवती सळया-काँक्रीटचे नवे आवरण घालणे, किंवा निवडक ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालणे हे उपाय बहुतेकदा पुनर्विकासापेक्षा बरेच स्वस्त पडतात. पुनर्विकासाच्या आशेवर दहा-दहा वर्षे दुरुस्ती थांबवणे ही मुंबईची खास सवय आहे.

पागडीच्या जुन्या, लाकडी तुळयांच्या इमारतींचा प्रश्न निराळा आहे. तिथे तुळईचे भिंतीत बसलेले टोक ओलाव्याने कुजलेले असते, आणि अशा इमारती भूकंपाची वाट न पाहता पावसाळ्यातच पडतात.

टॉवर अधिक धोकादायक की चार मजली इमारत?

उंचीवरून ठरत नाही. ढोबळ मानाने मजल्यांच्या संख्येला दहाने भागले की इमारतीचा झोका सेकंदांत मिळतो. जवळचा मध्यम भूकंप ठेंगण्या इमारतींना गाठतो. दूरचा मोठा भूकंप उंच इमारतींना डोलवतो. वरच्या मजल्यावर गरगरणे म्हणजे इमारत मोडते आहे असे नव्हे.

मोबाइलवर येणारी पूर्वसूचना म्हणजे भाकीतच झाले ना?

नाही, भूकंप सुरू झाल्यावर ती निघते. पहिली, सौम्य लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते. नुकसान करणारी दुसरी लहर सुमारे साडेतीन. कोयनेहून ती दुसरी लहर मुंबईला यायला जवळजवळ ५७ सेकंद लागतील. तिथल्या उपकरणांनी दहाव्या सेकंदाला सूचना सोडली तर आपल्याला पाऊण मिनिट मिळेल. शंभर किलोमीटरवरच्या डहाणूहून वीसेक सेकंद, आणि भूकंप पायाखाली झाला तर काहीच नाही. मेक्सिको आणि जपानमध्ये या व्यवस्था चालतात. अँड्रॉइड फोनवरील सूचनांची सोय २०२३ पासून भारतातही आहे. ती सेटिंगमध्ये सुरू आहे का, ते पाहून ठेवावे.

हादरा बसला तर खाली पळावे का?

पक्क्या काँक्रीटच्या इमारतीत पळू नये. भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरावा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत डोके झाकून बसावे. लिफ्ट वापरू नये. खिडक्या, काचेचे दर्शनी भाग आणि भिंतीला न अडकवलेली कपाटे यांपासून दूर राहावे. तळमजल्यावर दाराशीच असाल तर मोकळ्या जागी जावे, पण छज्जे आणि विजेच्या तारा यांखाली थांबू नये. हादरा थांबल्यावर गॅस बंद करावा आणि जिन्याने उतरावे; महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे.

समुद्रालगत राहतो. सुनामीचे काय?

नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरील आठच्या वरच्या भूकंपाची सुनामी मुंबईपर्यंत आली होती. पाणी सुमारे दोन मीटर चढले आणि काही माणसे वाहून गेली. आता हैदराबाद येथील केंद्रातून इशारा दिला जातो, आणि मकरानहून लाट यायला काही तास लागत असल्याने इथे तो खरोखर कामाला येतो.

घराच्या विम्यात भूकंप धरलेला असतो का?

एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत भूकंप अंतर्भूत आहे. जुन्या आगविम्यात तो बहुधा वेगळा हप्ता भरून घ्यावा लागत असे. संस्थेने पूर्ण इमारतीची पॉलिसी घेतली असेल तर विमा-रक्कम पुनर्बांधणीच्या आजच्या खर्चावर आहे की वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यावर, हे नूतनीकरणाआधी खजिनदारांकडून पाहून घ्यावे.